शुगरची गोळी कधी थांबवायची, हे कुणी सांगितलंय का?

पोस्ट लांब आहे. पण घरात आई-वडील, सासू-सासरे, काका-मामा, कुणालाही शुगर असेल तर पूर्ण वाचा. मी डॉक्टर नाही. नांदेड-लातूर रोडवरच्या एका गावात बावीस वर्षांपासून माझं मेडिकल आहे. आमच्याकडून नांदेड दीड तास आणि लातूरही तेवढंच. त्यामुळे सिरियस पेशंट घेऊन गाडी रोडला लागली की डावीकडं वळायचं का उजवीकडं, यावरच घरच्यांची दहा मिनिटं जातात.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एक काकू, वय सत्तरच्या आसपास. शुगर बारा वर्षांपासून, गुडघे त्याहून जुने. लग्नाच्या पंगतीत जेवल्या आणि रात्रीपासून संडास-उलटी सुरू झाली. सकाळी पोरगा दुकानात आला. "भाऊ, आईला लागलंय. गोळ्या द्या. आन तिची शुगरची पट्टी बी संपलीय, ती पण द्या. गुडघ्याची पण."

मी उलटीची गोळी दिली, जुलाबाची दिली, ओआरएसची दोन पाकिटं दिली. शुगरची पट्टी दिली, दुखण्याची पट्टी दिली. आणि वर शहाणपणा केला. म्हणलं, "काही झालं तरी शुगरची गोळी चुकवू नका म्हणावं."

हे वाक्य मी बावीस वर्षांत किती हजार वेळा म्हणलो असेल, हिशेब नाही. ९९ वेळा ते बरोबरच असतं. ही पोस्ट त्या शंभराव्या वेळेबद्दल आहे.

काकूंनी गोळी चुकवली नाही. पोटात अन्न ठरत नव्हतं, लघवी दिवसातून एकदा, ती पण जेमतेम, बाहेर ४२-४३ डिग्रीचं ऊन, आणि सकाळ-संध्याकाळ गोळी चालू. तिसऱ्या दिवशी धाप लागली. खोकला नाही, छातीत कफ नाही, तरी पळून आल्यासारखा श्वास. अंग गार पडलं, हाक मारली तर अर्धवट डोळे उघडायच्या. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कांदा लावला, पन्हं पाजलं. पोरानं मशीनवर शुगर तपासली तर ९२. "शुगर तर नॉर्मल हाय," म्हणून सगळे आणखी चार तास निवांत बसले.

नांदेडला नेलं. तिथं मनगटातून रक्त काढून तपासलं, त्याला एबीजी म्हणतात. रक्ताचा पीएच ७.० आला. आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो, त्या एवढ्याशा पट्ट्यातच सगळं शरीर चालतं. लॅक्टेट दोनच्या आत पाहिजे, ते चौदा होतं. क्रिएटिनिन सहाच्या वर. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: लॅक्टिक ॲसिडोसिस. म्हणजे रक्तात लॅक्टिक ॲसिड साठून रक्त आंबट झालं. रात्रीतूनच डायलिसिसला घेतलं. अकरा दिवसांनी काकू घरी आल्या. खर्चात सोयाबीनचं वर्षाचं उत्पन्न गेलं, वरून हातउसने वेगळे.

मी भेटायला गेलो. खाटेवर बसल्या होत्या. माझ्याकडं बघून एवढंच म्हणल्या, "तूच म्हणला हुतास ना बाबा, गोळी चुकवू नका म्हणून? म्या एक बी चुकवली न्हाई."

त्यांनी टोमणा म्हणून नाही म्हणलं. मनापासून, हिशेब दिल्यासारखं म्हणल्या. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचतोय, ओळखीच्या डॉक्टरांना छळतोय. जे समजलं ते सांगतो.

गोळीचं नाव मेटफॉर्मिन. तुमच्या घरातल्या पट्टीवर हे नाव मोठ्या अक्षरात नसेल. कारण आपल्याकडं बहुतेकांना जोडगोळी असते, ग्लायमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र. कंपनीच्या नावापुढं एम१, एम२ असं काहीतरी असतं, त्यातला एम बहुतेक वेळा हाच. गोळी वाईट आहे का? अजिबात नाही. १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरनं ती पेशंटला वापरून दाखवली, तेव्हापासून जगभर चालू आहे. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासानं १९९८ मध्ये दाखवलं की जाड पेशंटमध्ये या गोळीनं मृत्यू कमी होतात. स्वस्त आहे आणि वजन वाढवत नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना परवडेल आणि पुरेल अशी दुसरी गोळी दाखवा.

म्हणून ही पोस्ट वाचून कुणी उद्यापासून गोळी फेकून देणार असेल, तर त्यानं आधी माझ्या दुकानात येऊन मला चार शिव्या द्याव्यात आणि मग परत गोळी चालू करावी. शुगर वाढून पाय कापावे लागलेले, डोळे गेलेले, किडनी गेलेले लोक मी या बावीस वर्षांत कितीतरी बघितलेत. मेटफॉर्मिनमुळे आयसीयूत गेलेलं माणूस मी एकच बघितलं.

मग होतं काय नेमकं? आपलं लिव्हर रात्रंदिवस साखर तयार करत असतं. त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालातला एक म्हणजे लॅक्टेट. स्नायूंमध्ये, रक्तपेशींमध्ये तयार झालेलं लॅक्टेट लिव्हर उचलतं आणि त्याची परत साखर करतं. मेटफॉर्मिन हा कारखाना थोडा मंद करते, म्हणून शुगर कमी राहते. कारखाना मंद झाला की कच्चा माल थोडा पडून राहणार, पण तब्येत धड असेल तर ते पचून जातं. दुसरी गोष्ट, ही गोळी शरीरात मोडत नाही. घेतली तशीच रक्तात फिरते आणि जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर जाते. बाहेर जायचा रस्ता एकच, किडनी.

आता संडास-उलटी लागली, अंगातलं पाणी गेलं, बीपी उतरलं, लघवी बंद पडली. म्हणजे रस्ता बंद. वरून गोळी मात्र येतच आहे. धरणाचे दरवाजे बंद आणि वरून विसर्ग चालू, विष्णुपुरीच्या लोकांना जास्त सांगायची गरज नाही. गोळी साठते, लॅक्टेट साठतं. त्यात अंगाला पाणी नसल्यानं पेशींना रक्त कमी, म्हणून त्या आणखी लॅक्टेट तयार करतात. अशात मशीनवर साखर बघून काही कळत नाही. काकूंची ९२ होती.

"मेटफॉर्मिननं किडनी खराब होते" असा मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा फिरतो. तो चूक आहे. गोळी किडनीला मारत नाही. किडनी आधीच कमजोर असेल, किंवा आजारपणात चार दिवसांसाठी बसली, तर ही गोळी अंगावर येते. या दोन वाक्यांत फरक आहे आणि तो जीवन-मरणाचा आहे. पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवून लोक चांगली गोळी सोडतात आणि कुठल्या तरी यात्रेत "शुगर मुळापासून" घालवणारी पावडर घेतात. त्या पावडरींचं पण एक सांगून ठेवतो. हाँगकाँगमध्ये अशा वनौषधींच्या नावाखाली विकलेल्या गोळ्या तपासल्या, तर काहींत फेनफॉर्मिन निघालं होतं.

फेनफॉर्मिन म्हणजे मेटफॉर्मिनचंच भावंड, पण खोडसाळ. लॅक्टिक ॲसिडोसिस त्यानं कितीतरी पटीनं जास्त व्हायचा. अमेरिकेनं १९७७ मध्ये ते बंद केलं. आपल्याकडं बंदीचं राजपत्र निघालं १ ऑक्टोबर २००३ ला. मधली २६ वर्षं मोजा. मी दुकान टाकलं त्याच्या अगदी थोडं आधीपर्यंत ते औषध या देशात कायद्यानं विकता येत होतं. यावर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माझ्याकडं उत्तर नाही.

मेटफॉर्मिनबाबत धोका फार कमी. वर्षभर गोळी घेणाऱ्या एक लाख लोकांत साधारण तीन ते दहा जण, असा आकडा सांगितला जातो. शेकडो अभ्यास एकत्र करून बघितले तर एकही केस सापडली नाही, असंही एका मोठ्या आढाव्यात आहे. डॉक्टर मित्र हेच तोंडावर फेकतात. "लाखात तीन! एवढ्यासाठी लोकांना कशाला घाबरवतो?"

माझं म्हणणं असं. अभ्यासातल्या पेशंटवर कुणीतरी नजर ठेवून असतं. रक्त तपासतात, फोन करतात. आमच्याकडचा पेशंट म्हणजे २०१९ ची चिठ्ठी, लॅमिनेशन केलेली. हो, लॅमिनेशन केलेली चिठ्ठी दाखवून औषध नेणारे माझ्याकडं निदान चाळीस लोक आहेत. डॉक्टरनं लिहून दिलं तेव्हा वय ६४, आता ७०. तेव्हा किडनी चालायची ती आता तशी चालत असेलच, याची खात्री कुणी केली? मी नाही केली. मी पट्ट्या मोजून दिल्या.

आणि केस "सापडत" नाही त्याचं एक कारण आमच्याकडं वेगळं आहे. म्हातारं माणूस मे महिन्यात संडास-उलटी होऊन, धाप लागून घरीच गेलं, तर गाव काय म्हणतं? ऊन लागलं. वय झालं होतं. एबीजीचं मशीन ना उपकेंद्रात, ना गावातल्या दवाखान्यात. जे मोजलंच नाही ते लाखात किती, कसं सांगणार?

काकूंच्या घरी जुनी फाईल होती, दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.३. लॅबच्या कागदावर नॉर्मल रेंज १.४ पर्यंत छापलेली, म्हणून त्याला कुणी लाल गोल केला नव्हता. मी पण तो कागद तेव्हा बघितला होता. पण १.३ चा अर्थ माणसागणिक बदलतो. पंचवीस वर्षांच्या पोराला १.३ असेल तर त्याच्या किडनीची ताकद, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ती ७८ च्या आसपास येते. ठीक आहे. सत्तर वर्षांच्या बाईला तेच १.३ असेल तर ४४ येते. म्हणजे निम्म्याहून कमी उरलेली. कागदावर दोघंही नॉर्मल.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये सांगितलं तेच आता बहुतेक ठिकाणी पाळतात: ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद. ३० ते ४५ मध्ये नव्यानं सुरू करू नये, चालू असेल तर डॉक्टरनं परत विचार करावा, सहसा डोस अर्धा करतात. काकू दिवसाला दोन हजार मिलिग्रॅम घेत होत्या. म्हणजे पंगतीतलं जेवण हे निमित्त, तयारी दोन वर्षांपासून चालू होती. त्यात मी दिलेली गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही सगळी दुखण्याची औषधं, अंगात पाणी नसताना किडनीवरचं उरलंसुरलं रक्तही कमी करतात. बीपीच्या काही गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या यांचंही तसंच. आणि दारू. दारूनं लिव्हर लॅक्टेट उचलायचं सोडतं. हे सीमेकडच्या भागातल्या मंडळींना मुद्दाम सांगतोय, शिंदी-देशी सगळं त्यात आलं.

आता हा प्रश्न आपल्याच भागात एवढा का उचलतोय? कारण पाणी जाण्याची कारणं आमच्याकडं बारमाही आहेत. उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो इतिहास नाही, कालची गोष्ट आहे. टाकीचं, टँकरचं, विहिरीचं, जे मिळेल ते पाणी प्यायचं म्हणल्यावर पोट बिघडणारच. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यात कोष्टवाडीला महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाब झाले. लोह्यापासून नांदेडपर्यंत दवाखाने भरले, डॉक्टर-नर्स लोकांनी रात्र जागवली, त्यांना सलाम. पण मला आज एक प्रश्न पडतो. त्या दोन हजारांत शुगरची गोळी घेणारे किती असतील? शंभर? दोनशे? सलाईन लावताना, ओआरएस देताना त्यांना कुणी विचारलं असेल का, "मावशी, शुगरची गोळी चालू आहे का? दोन दिवस ती थांबवा"? मी आरोप करत नाही. काकूंच्या पोराला मी तरी कुठं विचारलं होतं?

परदेशात यासाठी साधा नियम असतो, "आजारपणाच्या दिवसांचा नियम". पेशंटला कार्ड देतात. खिशात मावेल एवढं. उलटी, जुलाब, ताप, खाणं-पिणं बंद, असं झालं की कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि परत कधी चालू करायच्या, ते त्यावर लिहिलेलं. आपल्याकडं पट्टीच्या मागं काय असतं? इंग्रजीत "डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे". बस्स. आमच्या काकूंना मराठी पण वाचता येत नाही, हा पुढचा प्रश्न. पण नातवाला येतं ना.

सरकारला फार मोठं काही करायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन फुकट मिळते, चांगली गोष्ट आहे. ती देताना वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हाताऱ्यांचं दोनदा, आणि लॅबच्या कागदावर ईजीएफआर छापायचा. वय आणि बाई-पुरुष माहीत असला की कॉम्प्युटर तो आपोआप काढतो, वेगळं रक्त लागत नाही. जुलाबाची साथ आली की आशाताई घरोघर जातातच, मेडिक्लोर वाटतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य द्यायचं. आणि आम्ही मेडिकलवाले. दुखण्याची गोळी न विचारता काढून देण्याची आमची सवय आहे, ती मोडायला पाहिजे. आमच्या लाईनमधले काही जण यावर चिडतील. चिडू द्या.

मी माझ्या काउंटरवर एक कागद चिकटवलाय. पहिल्यांदा लिहिलं होतं, "उलटी-जुलाब असेल तर शुगरच्या गोळ्या बंद करा." दुसऱ्याच दिवशी नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका ओळखीच्या डॉक्टरांचा फोन. कुणीतरी फोटो पाठवला होता. दहा मिनिटं झापलं. "एखाद्यानं इन्सुलिन बंद केलं तर मरेल तो, तू जबाबदारी घेणार का?" बरोबर होतं त्यांचं. मग त्यांनीच बसून मजकूर करून दिला. आता असं आहे:

"उलटी, जुलाब, जोराचा ताप, किंवा दिवसभर पोटात काही ठरत नसेल, तर मेटफॉर्मिन असलेली गोळी त्या दिवसापुरती थांबवा आणि लगेच डॉक्टरला फोन करा. इन्सुलिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. दुखण्याची गोळी घेऊ नका. ओआरएस प्या. नीट जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की डॉक्टरला विचारून गोळी परत चालू करा. धाप, झोपाळूपणा, अंग गार पडणे, लघवी बंद: घरी थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा. शुगर नॉर्मल दिसली तरी जा. सीटी स्कॅनसाठी रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर ही गोळी चालू आहे असं आधी सांगा."

अक्षर माझंच आहे, वाईट आहे. फोटो खाली टाकलाय. कुणाला आपल्या दुकानात, ग्रामपंचायतीत, देवळात लावायचा असेल तर खुशाल लावा, माझं नाव टाकायची गरज नाही. फक्त इन्सुलिनची ओळ गाळू नका.

आणि एक विनंती. आपापल्या चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठवू नका, त्यावर मी काही सांगणार नाही. ती चिठ्ठी आणि घरात पडलेला शेवटचा क्रिएटिनिनचा कागद, दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरकडं जा आणि विचारा, हिच्या वयाला हा डोस चालतो का. लॅमिनेशनवाले, तुम्ही आधी.

काकू आता बऱ्या आहेत. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन कायमची बंद करून दुसरं औषध दिलंय. परवा नातवाला घेऊन दुकानात आल्या होत्या, पोराला जुलाब लागले म्हणून. ओआरएस दिलं. जाता जाता कागदाकडं बोट करून नातवाला म्हणल्या, "वाच की रं, काय लिव्हलंय." त्यानं अडखळत पूर्ण वाचला. मागं तीन गिऱ्हाईकं उभी होती, ती पण थांबून ऐकत होती.